क्रॅनबेरी–व्हाइट चॉकलेट बार: कडा कडक आणि मध्य कच्चा का राहतो?

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. तुम्ही न्यू जर्सीतल्या घरी पहिल्यांदाच क्रॅनबेरी आणि व्हाइट चॉकलेटचे बार केले. कृतीत दिल्याप्रमाणे ३५० अंश फॅरेनहाइटवर २२ मिनिटे भाजले आणि मध्य कच्चा दिसला म्हणून आणखी २० मिनिटे आत ठेवले. तेव्हा कडा खारकेसारख्या कडक झाल्या, वरचे चॉकलेटचे तुकडे तपकिरी आणि रवाळ झाले, आणि मध्य तरीही ओलाच राहिला. वर लावलेले क्रीम चीजचे फ्रॉस्टिंग ताटलीत ओघळले. येत्या २० डिसेंबरला ऑफिसातल्या पॉटलकसाठी तुम्हाला हेच बार पुन्हा करायचे आहेत, आणि पुण्याहून आलेल्या सासूबाई अंडे खात नसल्याने त्यांच्यासाठी थोडे बिनअंड्याचे हवे आहेत. बेकिंग पावडर वाढवावी का, असे तुम्ही शेवटी विचारले आहे.

बेकिंग पावडर वाढवू नका. ती वाढवली तर मध्य अधिक फुगेल, आतून शिजलेला नसल्याने ओव्हनबाहेर येताच खाली बसेल, आणि कडा आहेत त्याहून कोरड्या होतील. मी गेली सोळा वर्षे बोस्टनजवळ राहते आणि त्यांतली अकरा वर्षे दर डिसेंबरात आमच्या गावातल्या एका छोट्या कॅफेला हे बार करून देते. त्या अनुभवावरून सांगते की तुमच्या अडचणीचे मूळ तुम्ही जाता जाता लिहिलेल्या एका वाक्यात आहे: ‘माझ्याकडे ८ इंचांचे काचेचे चौकोनी भांडे होते, तेच वापरले.’ कृती मात्र ९ बाय १३ इंचांच्या पॅनची आहे. मोठ्या पॅनचा तळ ११७ चौरस इंच भरतो आणि तुमच्या भांड्याचा ६४. म्हणजे तेच मिश्रण तुमच्याकडे पावणेदोन पटीहून थोड्या जास्त जाड थरात बसले. जाड थराच्या मध्यापर्यंत उष्णता पोहोचायला फार वेळ लागतो आणि तेवढ्या वेळात कडा भाजून निघतात. त्यातच भांडे काचेचे. काच सावकाश तापते, पण एकदा तापली की ती उष्णता लवकर सोडत नाही, त्यामुळे बाहेर काढल्यावरही कडा भाजतच राहतात.

उपाय दोन आहेत. ९ बाय १३ इंचांचा फिकट रंगाचा ॲल्युमिनियमचा पॅन आणलात तर मी खाली दिलेली मापे जशीच्या तशी वापरता येतील. तेच काचेचे भांडे वापरायचे असेल तर सगळे निम्मे घ्या, ओव्हन ३२५ अंशांवर ठेवा आणि बाविसाव्या मिनिटापासून तपासायला लागा. काळपट, नॉनस्टिक पॅन असेल तरीही २५ अंश कमी करावे लागतात, कारण गडद धातू उष्णता जास्त शोषून घेतो आणि तळ लवकर करपतो.

काही गोष्टी तुमच्या घरावर अवलंबून आहेत आणि त्या मी इथून ठरवू शकत नाही. ओव्हन ही त्यातली पहिली. माझ्या पहिल्या भाड्याच्या घरातला ओव्हन पाटीवर ३५० दाखवत असे, तेव्हा आत जेमतेम ३२० अंश असत. ते कळेपर्यंत मी पूर्ण एक हिवाळा कृतींना दोष दिला. आत टांगायचा साधा थर्मामीटर थोडक्या पैशांत मिळतो. तो आणून, ओव्हन तापल्याचा आवाज झाल्यावर आणखी वीस मिनिटे थांबून आतले खरे तापमान बघा. दुसरी गोष्ट मैद्याचे माप. पिशवीत कप बुडवून मैदा काढला तर एका कपात १४५ ग्रॅमपर्यंत मैदा बसतो आणि चमच्याने हलकेच भरून वरून सपाट केला तर १२० ग्रॅम. सव्वादोन कपांच्या कृतीत हा फरक ५० ग्रॅमच्या वर जातो. म्हणून मी सगळे वजनावरच सांगते.

मुळात हे बार केकच्या नव्हे, ब्लाँडीच्या, म्हणजे कोको न घातलेल्या ब्राउनीच्या जातीचे आहेत. इथे स्टारबक्समध्ये नाताळच्या मोसमात क्रॅनबेरी ब्लिस बार म्हणून जो त्रिकोणी तुकडा मिळतो, त्यावरून बहुतेकांनी घरची कृती बसवलेली असते. ब्लाँडीला जाळी पडायला नको असते. ती दाटसर, किंचित चिवट आणि आतून ओलसर हवी. म्हणून लोणी आणि साखर फेसून त्यात हवा भरण्याची गरज नाही, आणि मैदा घातल्यावर तर हात आवरताच घ्यायचा.

९ बाय १३ इंचांच्या पॅनसाठी माझे प्रमाण असे आहे: अनसॉल्टेड बटर १७० ग्रॅम, म्हणजे दीड स्टिक, लाइट ब्राउन शुगर २८० ग्रॅम, दोन मोठी अंडी आणि वर एक पिवळा बलक, मैदा २६० ग्रॅम, बेकिंग पावडर सपाट एक छोटा चमचा, मीठ अर्धा छोटा चमचा, सुंठ पूड अर्धा छोटा चमचा, व्हॅनिला दोन छोटे चमचे, एका संत्र्याची किसलेली साल, सुक्या क्रॅनबेरी ९० ग्रॅम, आणि व्हाइट चॉकलेटचे तुकडे १३० ग्रॅम. साल किसताना फक्त वरचा नारिंगी भाग घ्या, खालचा पांढरा भाग कडू लागतो. छापील कृतींत साखर बहुधा यापेक्षा जास्त असते. व्हाइट चॉकलेट, फ्रॉस्टिंग आणि सुक्या क्रॅनबेरी या तिन्हींत आधीच साखर असल्याने मी ती हळूहळू कमी करत २८० ग्रॅमवर आले. मात्र याच्या खाली गेले की बार कोरडे पडतात, कारण ब्राउन शुगर गोडीबरोबर ओलावाही धरून ठेवते.

बटरचे मी दोन भाग करते. अर्धे नुसते वितळवते आणि अर्धे जाड बुडाच्या पातेल्यात मंद आचेवर कढवते. ही कला आपल्याला नवीन नाही. तूप कढवताना तडतड थांबते, फेस बारीक होतो, तळाची बेरी बदामी होते आणि घरभर वास सुटतो, त्याच क्षणी पातेले उतरवायचे. फरक एवढाच की इथे बेरी गाळून टाकायची नाही, ती तळासकट खरवडून घ्यायची, कारण सगळी चव तिच्यात असते. आपण तूप गाळून बेरीत साखर घालून मुलांना देतो, तोच स्वाद या बारच्या तळाशी असतो. इथल्या बटरमध्ये साधारण सहाव्या हिश्शाइतके पाणी असते आणि कढवताना ते उडून जाते, म्हणून मी नंतर एक मोठा चमचा दूध घालते. हे सगळे पातेल्याच्या बाहेरून हात लावला तर जेमतेम कोमट लागेल इतके निवू द्या. बटर गरम असतानाच पुढे गेलात तर व्हाइट चॉकलेट भाजण्यापूर्वीच मिश्रणात विरघळते आणि त्याचे तुकडे उरत नाहीत.

निवलेल्या बटरमध्ये ब्राउन शुगर घालून व्हिस्कने मिनिटभर ढवळा, मग अंडी, व्हॅनिला आणि साल घालून मिश्रण चकचकीत होईपर्यंत आणखी मिनिटभर. मैदा, बेकिंग पावडर, मीठ आणि सुंठ एकत्र चाळून घाला आणि आता व्हिस्क बाजूला ठेवून स्पॅच्युलाने तळापासून वर उलटवत मिसळा. मैद्याच्या दोनचार रेघा दिसत असतानाच क्रॅनबेरी आणि चॉकलेट घाला. मिश्रण भज्यांच्या पिठापेक्षा बरेच घट्ट असते आणि ओतले जात नाही, तर पसरावे लागते. ते फार घट्ट झाले असे वाटून दूध वाढवू नका. पॅनला दोन्ही बाजूंनी बाहेर येईल असा बटर पेपर लावा, म्हणजे नंतर सगळी वडी एकदम उचलता येते.

व्हाइट चॉकलेटबद्दल थोडे सविस्तर लिहिते, कारण फसगत बहुतेक इथेच होते. अमेरिकेत एखाद्या वस्तूला व्हाइट चॉकलेट म्हणायचे असेल तर तिच्यात किमान २० टक्के कोको बटर असावे लागते. दुकानात त्याच रांगेत, त्याच रंगाच्या पिशवीत व्हाइट बेकिंग चिप्स किंवा व्हाइट मॉर्सल्स असतात. पिशवी हातात घेऊन नीट पाहा, चॉकलेट हा शब्द तिच्यावर कुठेच नसतो, आणि मागच्या यादीत कोको बटरऐवजी पामसारख्या वनस्पती तेलाचे नाव असते. अशा चिप्स भाजताना आकार धरून राहतात हे खरे, पण जिभेवर मेणासारख्या लागतात, आणि वितळवायला गेले तर गोळा होतो. म्हणून मी बारच्या आत आणि फ्रॉस्टिंगमध्ये दोन्हीकडे खऱ्या व्हाइट चॉकलेटची वडी घेते आणि सुरीने हरभऱ्याच्या डाळीपासून शेंगदाण्यापर्यंत लहानमोठे तुकडे करते. व्हाइट चॉकलेटमध्ये दुधाचे घन पदार्थ आणि साखर भरपूर असल्याने ते उघड्यावर चटकन तपकिरी होते. तुमचे वरचे तुकडे ४२ मिनिटे थेट उष्णतेत होते, ते रवाळ झाले यात नवल नाही. सगळे तुकडे मिश्रणाच्या आत जातील असे पाहा. वर दिसायला हवे असतील तर बार ओव्हनमधून काढल्यावर लगेच सातआठ तुकडे हलकेच दाबून बसवा.

आता क्रॅनबेरी. ताजी क्रॅनबेरी आडवी कापून पाहिलीत तर आत चार पोकळ कप्पे दिसतात. मॅसॅच्युसेट्सच्या आग्नेय भागात शरद ऋतूत मळ्यांत पाणी सोडतात तेव्हा ही फळे तरंगून वर येतात आणि सगळे तळे लाल दिसते, ते याच पोकळीमुळे. पण ताज्या फळात उरलेले जवळजवळ सगळे पाणीच असते. ओव्हनमध्ये त्याची वाफ होऊन फळ फुटते आणि भोवतीचे मिश्रण ओले राहते. तुम्ही मूठभर ताज्या क्रॅनबेरीही घातल्या होत्या असे लिहिले आहे, त्यामुळे मध्य कच्चा राहायला आणखी एक कारण मिळाले. ताजी फळे वापरू नयेत असे माझे म्हणणे नाही. त्यांचा आंबटपणा व्हाइट चॉकलेटच्या गोडीला फार सुंदर छेद देतो. फक्त ६० ग्रॅमच्या वर घेऊ नका, अर्धी कापून चमचाभर साखर चोळा, दहा मिनिटांनी सुटलेला रस निथळून टाका आणि तितक्या सुक्या क्रॅनबेरी कमी करा.

सुक्या क्रॅनबेरींची तऱ्हा उलट असते. त्या साखरेत मुरवून वाळवलेल्या असतात, आणि जुन्या झाल्या की कोरड्या पडून मिश्रणातलाच ओलावा ओढून घेतात; कडेच्या तर करपून कडू होतात. पिशवीतली एक चावून बघा. मनुक्यासारखी मऊ असेल तर तशीच घाला. चामट लागली तर गरम संत्र्याच्या रसात दहा मिनिटे भिजवा आणि मग सुती फडक्यात पसरून अगदी कोरड्या टिपून घ्या. टिपायचा कंटाळा केला तर तोच ओलावा पुन्हा मध्यात जाऊन बसतो.

भाजणे झाले हे कशावरून ओळखायचे, हा या सगळ्यातला सर्वात नाजूक भाग आहे, आणि इथे घड्याळापेक्षा डोळ्यांवर भिस्त ठेवावी लागते. ९ बाय १३ इंचांच्या पॅनला माझ्या ओव्हनमध्ये ३५० अंशांवर २१ ते २३ मिनिटे लागतात. अठराव्या मिनिटाला दिवा लावून काचेतून पाहायला लागा. प्रथम कडा फुगून फिक्या सोनेरी होतात, मग मधल्या भागावरची ओली चकाकी जाऊन पृष्ठभाग निस्तेज दिसू लागतो, आणि शेवटी कडा कागदापासून केसभर सुटतात. ही तिसरी खूण दिसली की मध्य आणि कड यांच्या बरोबर मधोमध टूथपिक घाला. तिला ओले पीठ लागले तर आणखी दोन मिनिटे. चिकटलेले ओलसर कण निघाले तर लगेच बाहेर काढा. ती स्वच्छ निघेपर्यंत थांबलात तर केक झाला असे समजा, कारण बाहेर काढल्यावरही पॅनच्या उष्णतेने मध्य काही मिनिटे शिजत असतो. मध्य किंचित डुगडुगत असताना पॅन बाहेर काढायला पहिल्यांदा मन धजत नाही. माझेही धजत नसे. काचेच्या भांड्यात ही खूण दिसण्याच्या दोन मिनिटे आधीच काढावे लागते.

तुमचे फ्रॉस्टिंग ओघळले त्याची कारणे मला तीन दिसतात. तुम्ही डब्यातले, ब्रेडला लावायचे मऊ क्रीम चीज घेतले. ते मुळातच सैल असते. चांदीच्या कागदात गुंडाळलेली २२६ ग्रॅमची वडी मिळते, ती घ्या. दुसरे म्हणजे ते साखरेबरोबर बराच वेळ फेटले. साखर चीजमधले पाणी ओढून घेते आणि जितके फेटाल तितके ते पातळ होत जाते. आणि तिसरे, बार कोमट असतानाच ते लावले. बार किमान दोन तास पूर्ण गार होऊ द्या.

माझ्या फ्रॉस्टिंगला आधार आयसिंग शुगरचा नसून व्हाइट चॉकलेटचा असतो. कोको बटर तोंडात वितळते, पण खोलीच्या तापमानाला घट्ट राहते, त्यामुळे साखर न वाढवताच फ्रॉस्टिंग धरून बसते. १४० ग्रॅम व्हाइट चॉकलेट बारीक चिरून कोरड्या वाडग्यात घ्या आणि वाडगे गरम पाण्याच्या पातेल्यावर ठेवा. पाणी उकळत नको आणि वाडग्याच्या तळाला टेकत नको. अर्धे वितळले की वाडगे उतरवून बाकीचे ढवळतच वितळू द्या. इथे पाण्याचा एक थेंबही चालत नाही. कॅफेसाठी पहिल्याच वर्षी करताना माझा स्पॅच्युला नुकताच धुतलेला होता. दांड्यातून ओघळलेल्या दोन थेंबांनी सगळे चॉकलेट ओल्या वाळूसारखे आवळून आले, आणि रात्री दहा वाजता नवीन वडी कुठे मिळणार? तेव्हापासून मी वाडगे आणि स्पॅच्युला आधी कोरड्या फडक्याने पुसल्याशिवाय सुरुवात करत नाही.

क्रीम चीज दोन तास आधी बाहेर काढून मऊ होऊ द्या. त्यात ३० ग्रॅम मऊ बटर आणि ६० ग्रॅम आयसिंग शुगर घालून गुठळ्या मोडेपर्यंतच फेटा, मग कोमट चॉकलेट एकदम ओतून पंधरा सेकंदांत मिसळा आणि थांबा. चीज फ्रिजमधले थंड असेल तर चॉकलेट त्यात पडताच गोठून बारीक कण होतात, आणि चॉकलेट गरम असेल तर सगळेच सैल होते. दोन्ही बोटाला सारखीच, ना थंड ना गरम, लागायला हवीत. पसरल्यावर वर चिरलेल्या सुक्या क्रॅनबेरी आणि थोडी संत्र्याची साल भुरभुरा. वितळलेल्या चॉकलेटच्या बारीक रेघा ओढायच्या असतील तर त्या फ्रिजमध्ये अर्धा तास घट्ट झाल्यावरच ओढा.

सासूबाईंसाठीच्या बारना मी निम्म्या प्रमाणात, ८ इंचांच्या भांड्यात, जवस वापरेन. दीड मोठा चमचा जवसाची ताजी पूड चार मोठे चमचे पाण्यात पंधरा मिनिटे भिजवली की अंड्याच्या पांढऱ्यासारखी तार धरते. अंड्यांऐवजी ती घाला आणि बटर अर्धे नव्हे, सगळे कढवा, म्हणजे जवसाचा वास दबतो. उडालेल्या पाण्याच्या भरपाईला एक मोठा चमचा दूध घाला. दही घालूनही बार होतात, पण ते हलके, केकसारखे होतात आणि ब्लाँडीचा दाटपणा जातो. काहींना तेच आवडते. जवसाचे बार दोनतीन मिनिटे जास्त वेळ घेतात आणि कडांना थोडे कमी रंगतात, म्हणून रंगावर न जाता कागदापासून सुटण्याची खूण पाहा. अंड्याचे आणि बिनअंड्याचे बार एकाच दिवशी करणार असाल तर बिनअंड्याचे आधी करा आणि व्हिस्क, भांडी वेगळी ठेवा. त्यांना विचारावेच लागू नये.

त्या पुण्याला परतल्यावर तिकडे हे बार करून पाहणार असतील तर एक गोष्ट आवर्जून सांगा. आपल्याकडे बाजारात क्रॅनबेरीच्या नावाने पाकवलेली करवंदेही मिळतात. ती वाईट नसतात, त्यांचा आंबटपणा या बारला बराच जुळतो, पण पाकामुळे ती अधिक गोड आणि ओली असतात. तेव्हा गरम पाण्यातून एकदा काढून नीट कोरडी करावीत आणि साखर थोडी कमी घ्यावी. छोट्या ओटीजीत वरची कॉइल पृष्ठभागाच्या फार जवळ येते, म्हणून जाळी खालच्या खाचेत लावून फक्त खालची कॉइल चालू ठेवावी आणि शेवटची चार मिनिटे तेवढी वरची लावावी.

तुमच्या २० तारखेसाठी वेळापत्रक असे बसते. १८ तारखेला संध्याकाळी बार भाजा, गार झाल्यावर पॅनसकट झाकून ठेवा. दुसऱ्या दिवशी ते चवीला अधिकच मुरलेले लागतात. १९ तारखेला संध्याकाळी फ्रॉस्टिंग लावून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा. २० तारखेला सकाळी बटर पेपरच्या टोकांना धरून सगळी वडी पाटावर काढा, लांब सुरी गरम पाण्यात बुडवून पुसा आणि दर कापाला पुन्हा बुडवून पुसा. लांबीला चार आणि रुंदीला तीन भाग केले की बारा तुकडे होतात, प्रत्येकी तिरका काप दिला की चोवीस त्रिकोण. क्रीम चीज असल्याने ते ऑफिसातल्या फ्रिजमध्ये ठेवा आणि पॉटलकच्या अर्धा तास आधी बाहेर काढा, म्हणजे आतला भाग मऊ होईल आणि वरचे फ्रॉस्टिंग जागचे हलणार नाही. दोन तासांच्या वर बाहेर ठेवू नका. फ्रिजमध्ये ते चार दिवस चांगले राहतात. ऑफिसात नेण्यापूर्वी एक कोपऱ्याचा आणि एक मधला असे दोन तुकडे घरी चाखून बघा, आणि दोन्हींत फरक लागला तर तो कसा लागला हे मला इथे कळवा. त्यावरून तुमच्या ओव्हनला किती मिनिटे कमीजास्त करायची ते सांगते.